मनकर्णाबाईची जबानी

ता. ११ जानेवारी १८६४, सोमवार

ही बाई उद्या कचेरीत तोंड उघडणार, आणि ते लिहायचं मला, तिथल्या कारकुनाला! मनकर्णाबाई म्हणजे आमच्या दारावर भाजी आणणारी माळीण. भातकुलीच्या वाटेला तिचा विहिरीचा मळा आहे. खुशालराव पाटलांना तिथं कापूस साठवायला आवार घालायचंय. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून इथं कापसाशिवाय दुसरी गोष्टच नाही. पाटील म्हणतात मळा त्यांचा, तिच्या नवऱ्याला नुसता कसायला दिला होता. नवरा गेला. कागद कुणाकडेच नाही. साहेबांना ज्याचं पटेल त्याचा मळा.

सकाळी आली ती मलाच म्हणते, "उद्या नीट लिवजो बापा. तू हायेस म्हून मले भेव नाई." मला — तू! पुण्यात कुठल्या भाजीवालीची छाती झाली नसती. आणि बायको, सुभद्रा, आत खुदुखुदु हसत होती. अकोल्याला एक वर्ष काढलं, इथं अमरावतीत एक. आता आमचं कुटुंबही 'का'ऐवजी 'काहून' म्हणायला लागलंय. बजावलं तिला, घरात हे चालायचं नाही.

ता. १२, मंगळवार

झाली एकदाची जबानी.

साहेबांनी विचारलं, मळा तुझा कशावरून? तर म्हणाली, "माहा नाई तं काय तुहा हाय? हीर माह्या नवऱ्यानं खंदली. तो मेला तवापासून सोळा सालं मोट मी हाकून राहिली. पाटील एक दिस तरी आला काय पाणी वढाले? इचार त्याले!" साहेबांना तू! साहेब मराठी शिकले पुण्याच्या शास्त्रीबोवांकडे, त्यांना यातलं निम्मं कळलं नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मला तिची दया आली, खरंच आली. हे जसंच्या तसं उतरवलं असतं तर कागदावर कजाग दिसली असती. म्हणून लिहिलं — 'मी निराधार विधवा. सदरहू मळ्यावर सोळा वर्षे पोट भरीत आले. सरकारने कृपादृष्टी ठेवावी.' वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे मी कवा बोलली?" म्हटलं, अर्थ तोच बाई, कचेरीत असंच लिहितात. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा उठवला.

पाटीलही साहेबांना तूच म्हणाले. "मळा माहा हाय, त्यात इचारतं काय?" त्यांचं लिहिलं — 'आपला हक्क निर्भीडपणे सांगितला.' ते लिहिताना काही वाटलं नाही. आत्ता लिहिताना वाटतंय. असो.

ता. १५

साहेबांनी माझ्या भाषेची तारीफ केली. माझ्या वरची पेशकाराची जागा रिकामी होणार आहे, तेही बोलून दाखवलं. सुभद्रेला सांगितलं. तिनं विचारलं, "मनकर्णाबाईचं काय झालं?"

ता. २२, शुक्रवार

निकाल लागला. मळा पाटलांना. बाईनं पंधरा दिवसांत जागा सोडावी.

कारण साहेबांनी सांगितलं आणि मीच उतरवून घेतलं — 'अर्जदार बाई स्वतःच हक्क सांगत नाही. केवळ दया मागते. दयेवर जमिनीचा निकाल देता येत नाही.'

ती कुठं दया मागत होती! दया माझी होती.

ता. २३

जेवण गेलं नाही. रस्त्यानं चालताना उगाचच मागं वळून बघत होतो.

ता. २६, मंगळवार

मनकर्णाबाई चार दिवस दारावर नाही. सुभद्रा आज मळ्यावर जाऊन आली आणि आल्या आल्या माझ्यापुढे उभी राहिली. "ती म्हणते, ती असं बोललीच नव्हती. काय लिहिलंत तुम्ही?" सांगितलं सगळं. लपवून करणार काय?

म्हणाली, "पाटलांचं तेवढं निर्भीड. आणि आता मी आवाज चढवला, तर मी आक्रस्ताळी ना?" मी खरोखरच तो शब्द बोलणार होतो. गिळला.

ता. २९

साहेबांना गाठलं. म्हटलं, जबानी मी बदलली, बाईनं हक्कच सांगितला होता. साहेब म्हणाले, ८ तारखेला तिला पुन्हा ऐकतो, तोवर मळा तिच्याकडेच राहील, लिहायला दुसरा कारकून बसेल. पेशकाराची जागा गेली, हे वेगळं सांगायला नको. तरी आज दोन घास गेले.

ता. १ फेब्रुवारी

डोक्यात एक येतंय. परत तसंच तू-मी केलंन तर? नवा कारकून इमानानं सगळं उतरवेल आणि साहेब म्हणतील, उद्धट आहे. तिनं साहेबांना कळेल असं बोलायला हवं. हक्कच सांगायचा, पण नीट मराठीत. सुभद्रेला म्हटलं, तू शिकव. ती म्हणाली, "तिचं तिला बोलू द्या ना." मी ऐकलं नाही. मला यातलं जास्त कळतं!

ता. ४

मनकर्णाबाई रोज येऊन बसते. सुभद्रा सांगते, ती म्हणते. 'खणली' म्हणताना दर वेळी अडते. "माही जीभ नाई वळत बापा," म्हणाली. मी म्हटलं, मळा हवा ना? मग वळव. ती पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली. मोट हाकतानाही तेच पुटपुटत असते म्हणे.

ता. ७, रविवार

आज एकदाही चुकली नाही. सुभद्रेनं तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मला मात्र सकाळपासून चैन नाही. पाच वेळा ओसरीवर जाऊन आलो.

ता. ८, सोमवार

"साहेब, हा मळा माझा आहे. विहीर माझ्या यजमानांनी खणली. सोळा वर्षे मोट मी हाकते आहे." एक अक्षर चुकली नाही. पाटलांचे वकील वामनराव उठून हसतच म्हणाले, "माळ्याची बाई असं बोलते होय? ही पढवलेली साक्ष आहे." साहेबांनी तिला विचारलं, कुणी शिकवलं? तिनं माझ्याकडे पाहिलं. नाव घेतलं नाही. मीही उठलो नाही. पढवलेली म्हणून साक्ष बाद, मळा पाटलांनाच.

बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "दोनी खेपा तुह्याच बोलीनं हारली मी."