झेलिंकांच्या टाकीतलं पाणी

३ मार्च, ब्रनो
आलो बाई एकदाच्या नव्या घरी! चौथा मजला, खिडकीतून ट्राम दिसते. बाकीचं सामान तसंच टाकून आधी माशांची टाकी मांडली. माशांना कोरं पाणी सोसत नाही, म्हणून जुनं चार कॅन भरून आणलं होतं. त्यातले तीन कॅन हमालांनी लिफ्टमध्येच सांडले. मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. आरडाओरडा ऐकून खालचे झेलिंका आजोबा आपल्या टाकीतलं बादलीभर पाणी घेऊन वर आले. आम्हा मासे पाळणाऱ्यांत हे विरजणासारखं चालतं. माझी सहा वर्षांची अनेझ्का त्यांच्यावर भलतीच खूश.

७ मार्च
मासे ठणठणीत आहेत, पण सगळे डाव्या कोपऱ्यात दाटीवाटीने. उजवीकडे कोणी बसलं असावं तशी जागा सोडलेली. पंप तपासला, हीटर तपासला. दोन्ही ठीक. तरी जिवाला चैन नाही. अनेझ्का शाळेतून आली की उजव्याच बाजूला काचेला नाक लावून बसते.

११ मार्च
काचेवरच्या शेवाळात पंजा उमटलाय. आतून. अनेझ्काच्या हातापेक्षा बराच मोठा. तिला विचारलं, तर म्हणते, "क्व्हेताआजीचा आहे. तिला करमत नाही गं एकटीला."
ही कोण क्व्हेता?

१२ मार्च
झेलिंकांची बायको. तीन वर्षांपूर्वी वारली. आम्हा चेक लोकांत रक्षेचा कलश कपाटात ठेवतात. ह्यांनी रक्षा टाकीच्या वाळूत मिसळली. तिला मासे फार आवडायचे म्हणून. मग मान खाली घालून म्हणाले, "तुला पाणी दिलं आणि ती माझ्याकडची गेलीच बघ. तुझ्याकडे लेकरू आहे. आम्हाला झालं नाही."
मला भीती वाटली. त्याहून जास्त संताप आला.

१३ मार्च, दुपार
टाकी उपसली. वाळू फेकली, काच व्हिनेगरने घासली. मासे बाथटबमध्ये, नाताळच्या जेवणाचा कार्प मासा आधी जिवंत ठेवतो तसे. कोरं पाणी सोसणार नाही म्हणून टाकीतलंच पाणी बादल्या भरभरून टबात —
सवयीने. विचारच केला नाही —

साडेतीन
बाथरूमला आतून कडी. अनेझ्का आत आहे. झेलिंका पहार आणायला गेलेत. खांदा मारून मारून सुजला, दार हलत नाही. लिहिलं नाही तर किंचाळेन —
ती हसतेय. पाण्याचा आवाज —
हसणं थांबलं. कोणीतरी म्हातारी अंगाई गातेय. अनेझ्का तिला आता आजी म्हणत नाही, ती तिला आई म्ह