टिंटोच्या मेंढ्या

टिंटो पायथा,
३ ऑक्टोबर १९५७

ती. अलेकदादास सा. न. वि. वि.

एडिनबराहून बोलावणं आलं! नर्सिंगच्या शाळेत मुलाखतीला ये म्हणतात. चार दिवस येऊन बाबांना सांभाळ. अर्धांगानंतर त्यांची वाचा गेली, पण काठी आपटून साऱ्या डोंगरावर हुकूम चालतोच. ग्लासगोच्या गोदीतली मिजास तिथेच ठेवून ये. लापशी तुलाच ढवळायची आहे.

आपण टिंटो सोडतोय; डोंगराला नवं कूळ मिळालंय, सायमिंग्टनचे लिंडसे. नोव्हेंबरअखेर बाबा तुझ्याकडे, मी एडिनबराला. दादा, जन्मापासून या डोंगराच्या सावलीत आहे, जीव गुदमरतो रे. नाही म्हणू नकोस.

वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

नेटा

ग्लासगो,
१४ ऑक्टोबर

चि. नेटास अनेक आशीर्वाद.

तू यायच्या आधीच मला कामावर परतावं लागलं. बाबांपाशी शेजारच्या बेयर्डबाईंना बसवलं होतं. तुझ्यासाठी एक गंमत करून ठेवली आहे. लॅनार्कच्या बाजारात सगळ्या मेंढ्या विकून टाकल्या! गळ्यातलं लोढणं सुटलं. लिंडसे स्वतःच्या आणेलच की. ट्रक निघाला तेव्हा म्हाताऱ्याने काठी आपटून घर डोक्यावर घेतलं, डोळ्यांना धार लागली. जुना जीव, व्हायचंच. मी चहा पाजला.

आता उंडार मोकळी! आम्हाला मात्र विसरू नकोस.

अलेक

टिंटो पायथा,
२ नोव्हेंबर

ती. दादास सा. न.

काय करून बसलास हे! तू इथेच वाढलास ना? टिंटोला कुंपण नाही. आपल्या मेंढ्या हद्द ओळखायच्या, कारण त्यांच्या आयांनी ती दाखवली होती. म्हणून कूळ बदललं तरी मेंढ्या डोंगराबरोबर राहतात. त्याच तू कसायाच्या दारात नेल्यास. बाबा रडत नव्हते रे, तुला थांबवत होते.

लिंडसे रिकाम्या डोंगरावर यायला तयार नाहीत. जमीनदाराचा कारभारी म्हणतो, घेतला होता तसा कळप द्या, तोवर सुटका नाही. विक्रीच्या पैशांतून नव्या आणलेल्या मेंढ्या सकाळी थेट रस्त्यावर असतात. त्यांची कोकरं हद्द शिकेपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षं, कुणीतरी त्यांना वळवायला हवं. ते कुणीतरी मी.

मुलाखतीत पास झाले होते. येत नाही म्हणून कळवलं. तुझा राग येतो, आणि तू भल्यासाठी केलंस म्हणून धड भांडताही येत नाही, याचा जास्त येतो.

शिखरावरच्या दगडांच्या राशीपासून ओढ्यापर्यंत रोज हद्दीवरून चालते. बाबा खिडकीतून काठीने दिशा दाखवतात. काल मात्र एकटीच रस्त्यापर्यंत गेले होते. एडिनबराची बस थांबली, दार उघडलं. आणि दादा, कुणी न हाकलता मी मागे वळले.

रुसले आहे, तरी पत्र धाडत जा.

नेटा