शेवटच्या स्टॉपची सहल

बाबा,

तुम्ही गेल्यानंतरची ही पहिली उन्हाळ्याची सुट्टी. तुम्ही अठ्ठावीस वर्षं ज्या मार्गावर बस चालवलीत, त्याच मार्गाच्या बसने आज मी मुलांना शेवटच्या स्टॉपवरच्या तळ्यावर नेलं. रजेच्या दिवशी तुम्हीही आम्हाला तिथेच न्यायचात, आणि प्रवासी म्हणून बसलात तरी वळण आलं की उजवा पाय खाली दाबायचात.

परतताना वळणावर माझाच पाय तसा खाली दाबला गेला. धाकटीने विचारलं, "आई, हे काय?"

म्हटलं, "आजोबांचा ब्रेक."

मग काय, तिन्ही पोरं वळणावळणाला ब्रेक मारायला लागली. ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "ताई, थोडी मलाही चालवू द्या."

हसण्याच्या नादात आपला स्टॉप मागे गेला. चौघं ब्रेक मारत होतो, तरी गाडी थांबली नाही, बाबा.

खिडकीसाठी अजून भांडणारी,
तुमची थोरली