लाईट आली तेव्हा

सुजित,

आई ठीक आहेत, हे आधी वाच. मनगट सुजलंय म्हणून त्यांना एक्स-रे काढायला घेऊन जाते. तुझा फोन कंपनीच्या गेटवर जमा, म्हणून चिठ्ठी.

कालची गेलेली लाईट सकाळीही आली नव्हती. खंडेनवमी म्हणून आईंनी पार्किंगमधल्या तुझ्या लेथ मशीनला हळदीकुंकू लावलं, लोखंड पकडून फिरवणाऱ्या त्याच्या गोल चकला झेंडूचा हार गुंडाळला. वॉशिंग मशीनच्या जुन्या मोटरवर पोरानं घरीच मशीन बनवलं, याचं त्यांना केवढं कौतुक! त्या वाकून नमस्कार करत होत्या, तेवढ्यात लाईट आली आणि मशीन आपोआप फिरायला लागलं. हारासोबत पदर ओढला गेला, पदरासोबत हात. मी प्लग उपटला तेव्हा बोटं चकपासून वीतभर लांब होती. फुलं अजून भिंतीला चिकटलीत.

काल लाईट गेल्यावर तू मशीनचा स्विच चालूच ठेवून जेवायला आलास ना? कंपनीतलं मशीन लाईट आली तरी बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही, हे तूच मला कौतुकानं सांगितलंस. मग घरच्या मशीनला ते बटण का नाही?

भात कुकरमध्ये आहे. मशीनला हात लावू नकोस. तुझ्याच पकडीनं वायर कापून प्लग पर्समध्ये टाकलाय.

आई तेव्हापासून एकच विचारतायत, "पोराचं मशीन बिघडलं न्हाई न्हवं?"

त्यांना उत्तर तू दे.

स्वरूपा