अस्तराची निळी पट्टी

२ जुलै

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. साठी उलटली तरी तुला टिल्लूच म्हणणार, उगाच गाल फुगवू नकोस.

हे गेल्यापासून शिवणाचं दुकान बंदच आहे. यंत्रावर चादर टाकली. घर खायला उठतं. लेक म्हणते, माझ्याकडे ये. पण परसातला गुलाब कोणाच्या भरवशावर टाकू? तुझ्या पिवळ्या गुलाबाचा डोळा ह्यांनी रानगुलाबावर भरून कलम केलं आणि वर अस्तराची निळी पट्टी बांधली, ते अंथरुणाला खिळायच्या जरा आधी. ह्यांच्या हातचं शेवटचं काम ते. डोळा फुटला, वीतभर वाढला. आता मात्र पानं पिवळी पडताहेत. पाणी झालं, खत झालं, काही केल्या उभारी धरत नाही. हेही गेलं तर माझ्याजवळ काय उरलं? तुला बागेतलं कळतं, काहीतरी सुचव.

लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.
तुझी ताई

१० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि. गाल फुगवायला आता तोंडात दात तरी कुठे राहिलेत?

पाणी, खत राहू दे. ती पट्टी अजून तशीच आहे का? डोळा धरला की पट्टी सोडायची असते. खोड जाड होत जातं, पट्टी काही सैल होत नाही, मग फांदीचा गळा आवळला जातो. भावजींनी सोडलीच असती, त्यांना तेवढी सवड मिळाली नाही. आता तुलाच सोडावी लागेल, आणि लवकर.

दुसरं म्हणजे, रोज सकाळी गुलाबाशेजारी डोळे मिटून स्वस्थ बस. माझी ही गेली तेव्हा मी बसायला लागलो. आठवण आली की हाकलायची नाही, धरूनही ठेवायची नाही. श्वास येतोय, जातोय, एवढंच बघायचं. सुरुवातीला मी नुसता रडायचो. तेही चालतं.

लोभातला माझा वाटा राखून ठेव.
तुझा टिल्लू

१८ जुलै

चि. टिल्लूस,
आशीर्वाद. पट्टी मी सोडणार नाही. ती गाठ ह्यांच्या बोटांनी मारलेली आहे. कपडे देऊन टाकले, औषधं फेकली, चष्मा लेकीने नेला. आता गाठही सोडू म्हणतोस? सांगणाऱ्याचं काय जातं! डोळे मिटले की ह्यांच्या कात्रीचा आवाज येतो आणि मी उठून आत जाते. तुझं ध्यान तुलाच लखलाभ.

ताई

२६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि. रागावलीस, बरं वाटलं. भावजी गेल्यापासून तू कोणावर रागावलीच नव्हतीस. पट्टीचं नाव आता काढणार नाही. गुलाब तुझा, गाठही तुझी. फक्त कात्रीचा आवाज आला तर येऊ दे, उठू नकोस. पुढे काय ऐकू येतं ते बघ.

रागासकट लोभ असू दे.
टिल्लू

५ ऑगस्ट

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. तू म्हणालास तशी बसून राहिले. आधी कात्री आली, मग यंत्राची घरघर, मग यंत्र थांबलं. ते थांबलं की कपडा माझ्या मांडीवर यायचा. ह्यांनी घातलेले कच्चे टाके उसवायचं काम लग्नापासून माझं. पक्की टीप पडल्यावर एखादा कच्चा दोरा राहिला की हे करवादायचे, घालणाऱ्याला टोचेल म्हणायचे.

डोळे उघडले आणि ह्यांची उसवायची छोटी कात्री घेऊन आले. गाठ भलतीच घट्ट. पट्टी निघाली तिथे सालीवर खोल वळ आहे. फांदी जगेलच असं नाही. मी हमसून हमसून रडले, मग झारी भरून आणली.

लेकीला कळवलंय, थंडीत येते म्हणून. तोवर गुलाबाचं काय ते ठरेल. इतके दिवस वाटायचं, ह्यांचं शेवटचं काम मोडायला सांगतोस. तसं नव्हतं रे. ह्यांचं काम झालं होतं. उसवायचं माझ्याकडे होतं, नेहमीसारखं.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी ताई