पियानोवाल्यासमोरचा घास

आकुर्डी

तीर्थरूप अण्णा, चरणी नमस्कार.

मी बरा आहे. फोनवर धीर होत नाही, म्हणून लिहितो.

परवा कंपनीनं आमच्या लाइनवरच्या सगळ्या कामगारांना मोठ्या हॉटेलात जेवण दिलं. तिथं एक म्हातारे गृहस्थ पियानो वाजवत होते आणि सगळे जेवत होते. आपल्याकडं भजनात तुम्ही पेटी मिटल्याशिवाय प्रसादालाही कुणी हात लावत नाही. मी मात्र खात राहिलो. गाणं संपवून त्यांनी आमच्याकडं बघितलं, तेव्हा माझ्या तोंडात घास होता.

अण्णा, पेटीचा कारागीर गावाला गेलाय, हे मी खोटं सांगितलं. दिवाळीत दुरुस्तीला आणलेली तुमची पेटी माझ्या खाटेखालीच आहे. आईनं फडक्याला बांधलेली गाठसुद्धा सोडलेली नाही.

आई म्हणाली, हल्ली भजनात तुम्ही टाळ घेऊन मागं बसता. खरं का?

तुमचा
ज्योतीराम