सुटे बिंदू

३ सप्टेंबर

विभागप्रमुखांनी जिन्यात गाठलं. "काय कलावंत, पुढचा प्रयोग कुठे?" नाटकवाल्यांना विचारतात तसं! साथीचा रोग माणसामाणसांतून कसा पसरतो, यावरचा माझा शोधनिबंध त्यांच्या टेबलावर धूळ खात पडलाय. तो वाचायला वेळ नाही. माझे गणिताचे गमतीदार कार्यक्रम मात्र, रेडिओवरचे असोत की व्यासपीठावरचे, एकही चुकवत नाहीत.

जेवताना बायकोला सांगितलं. ती दातांची डॉक्टर. म्हणाली, "आपला धंदा एकच रे. मी लोकांना आ करायला लावते, तू जांभई द्यायला."

लेक हसली नाही. पूर्वी अशा वेळी पाणी नाकात जाईपर्यंत हसायची.

५ सप्टेंबर

घर बदललं, तिची शाळा बदलली, त्यालाही आता बरेच दिवस झाले. पण तिच्या तोंडून एकाही मैत्रिणीचं नाव ऐकलेलं नाही. मधल्या सुट्टीत काय करतेस? "डबा खाते." मग? "डबा धुते." एवढा वेळ डबा कोण धुतं!

बायको म्हणते, "तू काहीतरी कर." म्हटलं, माहिती अपुरी आहे. तिने असं काही पाहिलं, की पुढचं वाक्य गिळलं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते.

९ सप्टेंबर

तिच्याच शाळेतून फोन! मुख्याध्यापिका. "मुलांना जरा गणिताची गोडी लावा, सर." मी लगेच हो म्हटलं. गणिताची गोडी लागेल तेव्हा लागेल. बाप व्यासपीठावर, सगळी शाळा खिदळतेय — म्हटल्यावर पोरी आपोआप तिच्याभोवती गोळा होतील. योजना चोख आहे.

लेक म्हणाली, "बाबा, तो दोऱ्यांचा खेळ नको हं. दुसरं काहीही कर."

अगं, तोच तर माझा हुकमी एक्का!

"माहीत आहे," म्हणाली आणि खोलीत गेली. या वयात बापाची लाज वाटते. चालायचंच.

१६ सप्टेंबर

लोकर गुंडाळून ठेवली. लाल. खेळ सोपा आहे. सभागृहात आपले जेवढे मित्र, तेवढे दोरे. एक टोक आपल्या हातात, दुसरं मित्राच्या. मग आपले दोरे मोजायचे, आणि आपल्या मित्रांच्या दोऱ्यांची सरासरी काढायची. बहुतेकांच्या बाबतीत मित्रांचीच जास्त भरते! कारण ज्याला खूप मित्र, तो खूप जणांच्या हिशेबात येतो. साथ रोखताना आधी लस कुणाला द्यायची, तेही आम्ही यावरूनच ठरवतो.

शेवटी मुलांना सांगायचं — आपल्या मित्रांना आपल्याहून जास्त मित्र असतात, त्यात आपला काही दोष नाही, ते गणित आहे. टाळ्या इथे पडतात. हे वाक्य उद्या लेकीकडे बघून म्हणणार आहे.

१७ सप्टेंबर

टाळ्या पडल्या.

दोरे वाटून झाले की मी एक सूचना देतो. "ज्यांच्या हातात एकही दोरा नाही, त्यांनी बाजूच्या बाकावर बसायचं. ते हिशेबात नाहीत." आमच्या गणितात माणूस म्हणजे एक बिंदू, म्हणून यांना सुटे बिंदू म्हणतो आम्ही. मित्र शून्य, तर मित्रांची सरासरी काढणार कशी? शून्याने भागता येत नाही. म्हणून आधीच वगळायचे. आजही म्हटलं. सवयीने. हसत हसत.

आणि लेक उठली.

सभागृहभर लाल दोऱ्यांचं जाळं. ती त्याखालून वाकून, एकाही दोऱ्याला धक्का न लावता, बाकापर्यंत गेली. एका टोकाला एक चष्मेवाली आधीच बसलेली होती. ही दुसऱ्या टोकाला बसली.

आणि मी — मी पुढे बोलत राहिलो! विनोदसुद्धा जागच्या जागी केले. ते शेवटचं वाक्यही म्हटलं. ज्याला मित्रच नाहीत त्याला ते लागू होत नाही, हे म्हणता म्हणता लक्षात आलं. लेकीकडे बघायचं राहूनच गेलं.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अप्रतिम!"

१८ सप्टेंबर

बायको बोलत नाही. लेक बोलते, ते त्याहून वाईट.

"सॉरी नको म्हणूस, बाबा. गणित तुझं बरोबरच होतं."

२१ सप्टेंबर

विभागप्रमुखांनी निबंध वाचला! आज, या आठवड्यात, नेमका. "दुसऱ्या पानावर सुटे बिंदू का वगळलेत?"

"सगळेच वगळतात, सर."

"हं. साथीत ते सुरक्षितच म्हणा."

सुरक्षित! खोलीत येऊन दार लावून घेतलं आणि रडलो. नंतर दुसरं पान दुरुस्त करायला घेतलं. जमलं नाही.

२४ सप्टेंबर

दारात चष्मेवाली! "काका, ती आहे का?"

त्या दिवशी बाकावर बसून दोघींनी माझ्या विनोदांना गुण दिले म्हणे. नापास झालो. बाकावर आधी कोण सरकलं, ते दोघीही सांगत नाहीत.

आतून खिदळणं ऐकू येतंय. कुणाच्या तरी नाकात पाणी गेलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकतेय, आणि आज माझ्याशी बोलली — "हळू चाल," एवढंच.

लेकीचा एक दोरा. चष्मेवालीचाही एकच. इतकी वर्षं सांगत आलो ते माझ्याच घरात खोटं ठरलं — लेकीच्या मैत्रिणीला लेकीहून जास्त मैत्रिणी नाहीत.